पाळी चुकल्यापासून तिसरा महिना सरेपर्यंत : लक्षणं, चाचण्या, औषधं (इंदूरकरांसाठी एकत्र धागा)

वॉर्डवाली (धागाकर्ती)

'पाळी चार दिवस पुढे गेलीये, मळमळतंय, आहे का नाही?' या प्रश्नाची उत्तरं आपल्या गटात दहा ठिकाणी विखुरली आहेत, आणि त्यांतली निम्मी एकमेकांना खोडून काढणारी. म्हणून हा एकच धागा. ज्यांचं रोजचं काम यातलं आहे त्यांनी नेमकं लिहावं. आपापल्या बाळंतपणाच्या गोष्टींसाठी वेगळा धागा आहे, त्या तिकडे.

सुरुवात तारखेपासून. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, म्हणजे नुसता डाग दिसला तो नव्हे तर अंगावरून नीट जायला लागलं तो दिवस, कॅलेंडरवर लिहून ठेवा. डॉक्टर आठवडे मोजतात ते तिथून. त्यामुळे पाळी चुकते त्या दिवशी हिशेबाने ४ आठवडे भरलेले असतात, गर्भ जेमतेम दोन आठवड्यांचा असला तरी. सोनोग्राफीच्या कागदावर 'पाच आठवडे' पाहून घरात नको त्या शंका निघतात त्या या मोजणीमुळेच. प्रसूतीची अंदाजी तारीख काढायला त्या दिवसात ९ महिने ७ दिवस मिळवा. हे गणित २८ दिवसांच्या पाळीचं आहे. पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर तारीख आठवडाभर पुढे जाते.

आता लक्षणं. पाळी चुकण्याच्या आधीच्या आठवड्यात छाती जड होणं, कंबर धरणं, पोट फुगणं, रडू येणं यावरून काहीही ठरवता येत नाही. बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं ते दिवस गेले तरी वाढतं आणि नाही गेले तरी वाढतं, म्हणून दोन्हीकडे लक्षणं सारखीच. फरक पडतो तो तारीख उलटल्यावर. छातीचा ठणका पाळीच्या वेळी उतरायला हवा तो उतरत नाही, स्तनाग्राभोवतीचा भाग गडद होतो आणि त्यावर बारीक पुळ्यांसारखे उंचवटे दिसतात, रात्री लघवीला उठावं लागतं, तोंडाला धातूची चव येते. मळमळ साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या आसपास सगळ्यात जास्त असते आणि बहुतेकींची सोळाव्यापर्यंत ओसरते. पाळी चुकायच्या आधीच उलट्या सुरू झाल्या असतील तर कारण बहुधा पित्त किंवा बाहेरचं खाणं असतं.


टेस्टट्यूब

चाचणीचं मी लिहितो, लॅबमध्ये रोज याच तक्रारी येतात.

घरची पट्टी लघवीतलं एचसीजी, म्हणजे गर्भ रुजल्यावर तयार होणारं संप्रेरक, ओळखते. बाजारातल्या बहुतेक किटना २५ युनिटच्या आसपास पातळी लागते, आणि ती पाळी चुकण्याच्या दिवसाच्या मागेपुढे गाठली जाते. त्याआधी केलेली 'नाही' ही 'नाही' धरायची नाही. सकाळची पहिली लघवी कोरड्या, साबण न लागलेल्या भांड्यात घ्या. पाकीट त्याच वेळी फोडा, पावसाळ्यात उघडं राहिलेलं किट दमट होऊन बिघडतं. सोबतच्या ड्रॉपरने 'एस' लिहिलेल्या खड्ड्यात ३ थेंब, एकेक करून. धारच सोडली तर द्रव पट्टीवर पसरतो आणि रेषा फुटतात. किट सपाट ठेवा, ५ मिनिटांनी वाचा, १० मिनिटांनंतर अजिबात वाचू नका. 'सी'ची, म्हणजे किट नीट चालल्याची, रेषा आलीच नाही तर किट बाद, 'टी'ची, म्हणजे निकालाची, रेषा काहीही दाखवत असली तरी.

'टी'ची रेषा फिकी पण रंगीत असेल आणि वेळेत आली असेल तर ती 'आहे'च. अर्ध्या तासाने कचऱ्याच्या डब्यातून काढून पाहिल्यावर दिसणारी राखाडी रेघ ही लघवी वाळल्याची खूण असते.

'नाही' आलं आणि पाळीही नाही, तर ३ दिवसांनी पुन्हा करा, आठवड्याने आणखी एकदा. मधे पाळी आणायच्या गोळ्या मेडिकलवरून आणून घेऊ नका, आधी चाचणी.


छावणीकर

पीसीओडी असेल तर? दोन-दोन महिने पाळी येत नाही, मग 'चुकली' कधी म्हणायची?


टेस्टट्यूब

ताई, अशा वेळी पाळीची तारीख कामाची नाही. संबंधानंतर २१ दिवसांनी केलेली चाचणी भरवशाची. वंध्यत्वाचे उपचार चालू असतील आणि बीज फुटण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर ते १० ते १४ दिवस अंगात राहतं आणि किट खोटं 'आहे' दाखवतं. तिथे डॉक्टरांनी दिलेल्या तारखेआधी पट्टीला हातच लावू नका.

रक्तातलं बीटा एचसीजी प्रत्येकीला लागत नाही. डाग लागला, पोट दुखलं, आधी गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिला होता, अशा वेळी ४८ तासांच्या अंतराने दोनदा करतात. सुरुवातीच्या आठवड्यांत ते त्या वेळात निदान निम्म्याने वाढायला हवं. दोन्ही वेळा लॅब एकच ठेवा, यंत्र बदललं की आकडे जुळत नाहीत. आणि एकाच आकड्यावरून 'किती आठवडे' किंवा 'जुळी आहेत का' हे सांगता येत नाही, कोणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी.


ओपीडी_संध्याकाळची

सोनोग्राफीची घाई हा इथला मोठा प्रश्न आहे. पट्टीवर दोन रेषा दिसल्या की त्याच संध्याकाळी सोनोग्राफी. साडेचार आठवड्यांना केली तर गर्भाशय रिकामं दिसतं, 'काही दिसत नाही' असं कागदावर येतं आणि घर हवालदिल. आतून, म्हणजे योनीमार्गाने केलेल्या सोनोग्राफीत गर्भपिशवी साधारण पाचव्या आठवड्यात दिसते, त्यातली पीतक पिशवी साडेपाचच्या सुमारास, ठोके सहाच्या पुढे. पोटावरून केली तर सगळं आठवडाभर उशिरा. दुखणं किंवा रक्त नसेल तर ७ ते ८ आठवड्यांना पहिली सोनोग्राफी करा. गर्भ कुठे आहे, किती आहेत, ठोके आहेत का, तारीख जुळते का, चारही उत्तरं एकदम मिळतात.

ठोके दिसत नाहीत म्हणून लगेच गर्भाशय साफ करायला सांगितलं, तर कागदावरचा आकडा बघा. गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असून ठोके नाहीत, किंवा गर्भपिशवी २५ मिलिमीटर किंवा जास्त असून आत गर्भ नाही, तेव्हाच खात्रीने सांगता येतं. त्याखाली असेल तर ७ ते १४ दिवस थांबून पुन्हा सोनोग्राफी मागा. तो तुमचा हक्क आहे, उद्धटपणा नाही.

पोटावरून करायची असेल तर लघवी भरलेली हवी, आतून करायची असेल तर रिकामी. आतून केल्याने गर्भ पडतो ही भीती निराधार आहे.


नवी_सून_टिळकनगर

मळमळीवर काय करावं ते सविस्तर सांगाल का? स्वयंपाकघरात फोडणीचा वास आला तरी उमासे येतात. आणि घरात म्हणतात, उलट्या होतायत म्हणजे गर्भ चांगला आहे, औषध कशाला.


खमंग

मी आहाराचं सांगते, औषधाचं पुडीवाला सांगेल.

रिकामं पोट हा मळमळीचा सगळ्यात मोठा मित्र. उशाशी डबा ठेवा : साधा टोस्ट, खाकरा, कुरमुरे, भाजलेले मखाणे. उठून बसण्याआधी दोन घास खा, पंधरा-वीस मिनिटं पडून राहा, मग उठा. दात घासणं त्यानंतर, आणि पेस्टच्या वासाने उमासे येत असतील तर नुसत्या ओल्या ब्रशने. दिवसभर दर दोन तासांनी मूठभर काहीतरी. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्धा तास आधी किंवा नंतर, आणि घोट-घोट. गटागटा प्यालेलं पाणी तसंच बाहेर येतं.

गरम अन्नाचा वास पसरतो, गार अन्नाचा कमी. म्हणून गार दहीभात, इडली, उकडलेला बटाटा, गार पोळी-गूळ हे टिकतं. फोडणी दुसऱ्या कोणी घालावी, खिडकी उघडी ठेवून. आणि घरातल्या पुरुषांनाही फोडणी घालता येते.

आपल्याकडचे पोहे या काळात वाईट नाहीत. वाफवलेले, बडीशेप घातलेले, पचायला हलके. घात करते ती वरची शेव आणि जीरावन मसाला. आमचूर, काळं मीठ, तिखट असं सगळं रिकाम्या पोटी पडतं आणि तासाभरात छातीत जळजळ. शेव वगळा, जीरावन वगळा, लिंबू थोडं पिळा. जिलबी सकाळी नको, गोड आणि तळलेलं एकदम पोटात गेलं की मळमळ वाढते.

आलं : दिवसाला सुंठीच्या हिशेबाने १ ग्रॅमपर्यंत, म्हणजे छोटा अर्धा चमचा, तोही तीन-चार वेळांत विभागून. किसलेलं ताजं आलं असेल तर दिवसभरात छोटा चमचाभर. जास्त घातलं तर फायदा वाढत नाही, पोटात आग मात्र पडते.

आणि जेवण दोघांचं करायचं नसतं. पहिल्या तीन महिन्यांत जास्तीचं जवळजवळ काहीच लागत नाही. किलो-दीड किलो वजन उतरलं तर घाबरू नका.


पुडीवाला

उलट्या झाल्या म्हणजे गर्भ चांगला, हे अर्धसत्य. मळमळ होणाऱ्यांत गर्भपाताचं प्रमाण थोडं कमी दिसतं हे खरं, पण औषध घेऊन मळमळ थांबवल्याने गर्भाचं काही बिघडत नाही. आणि मळमळ नसणाऱ्या कितीतरी बायकांचं सगळं सुरळीत पार पडतं. २०२३ मध्ये पुढे आलेल्या संशोधनाने बोट ठेवलं ते जीडीएफ१५ या संप्रेरकावर. गर्भाकडून ते येतं, आणि आधी जिच्या रक्तात ते कमी असतं तिला त्याचा झटका जास्त बसतो. म्हणजे 'हिचा स्वभावच नाजूक' वगैरे बोलणी आता बंद करायला हरकत नाही.

पहिलं औषध : डॉक्सिलामिन १० मिलिग्रॅम आणि पायरिडॉक्सिन, म्हणजे बी६, १० मिलिग्रॅम, एकत्र गोळी. रात्री झोपताना २ गोळ्या. दोन दिवसांत फरक नसेल तर सकाळी १ वाढवायची, तरी नसेल तर दुपारी १. दिवसाला ४ च्या वर नाही. ही गोळी हळू सुटणारी असते, रात्रीची गोळी सकाळी काम करते, म्हणून चावायची किंवा कुटायची नाही. उलटी आल्यावर घेऊन 'लागू पडत नाही' म्हणणारे खूप. ती रोज ठरल्या वेळी घ्यायची असते. झोप येते, स्कूटर चालवणाऱ्यांनी सकाळच्या गोळीनंतर जपून. आणि हे सगळं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. डोस मुद्दाम लिहिला तो चिठ्ठी समजावी म्हणून.

ऑन्डान्सेट्रॉन मेडिकलवर मागितलं की मिळतं, पण पहिल्या तीन महिन्यांत ते पहिल्या पसंतीचं औषध नाही. टाळू फाटण्याचा धोका किंचित वाढत असावा असं दिसलं आहे. आधीची औषधं चालली नाहीत तर डॉक्टर देतात, तेव्हा जरूर घ्यावं.


ओपीडी_संध्याकाळची

उलट्या 'नेहमीच्या' राहिल्या नाहीत हे कसं ओळखायचं : आधीच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त घट, म्हणजे ५० किलोच्या बाईचे अडीच किलो. पाण्याचा घोटही २४ तास टिकत नाही. आठ तासांत लघवी नाही, किंवा झाली ती गडद पिवळी. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी. लघवीत कीटोन, म्हणजे उपाशी अंग चरबी जाळू लागल्याची खूण. यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय बंद, दवाखाना.

तिथे एक गोष्ट नातेवाइकांनी आवर्जून विचारावी. बरेच दिवस अन्न गेलेलं नसेल तर ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन, म्हणजे बी१, द्यायला हवं. उपाशी अंगात बी१ संपलेलं असतं आणि नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतो. कॉलनीतल्या कोपऱ्यावर 'एक बाटली लावून घेते, ताकद येईल' हा प्रकार म्हणूनच धोक्याचा. अशा वेळी साधं सलाइन आधी लागतं, त्यात गरजेप्रमाणे पोटॅशियम.

घरी असाल तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. पूर्ण पाकीट, पूर्ण लिटर. अर्धं पाकीट ग्लासात टाकून घेऊ नका. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.


रामबागची_मावशी

डाग लागण्याबद्दल लिहा कोणीतरी. पोरी घाबरून जातात.


वॉर्डवाली (धागाकर्ती)

मावशी, घाबरण्यासारखं असतंही आणि नसतंही, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारातल्या एकीला कधीतरी डाग लागतो किंवा रक्त जातं, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींचं पुढे सुखरूप होतं. बीज रुजताना लागणारा डाग फलनानंतर ६ ते १२ दिवसांनी, गुलाबी किंवा तपकिरी, एक-दोन दिवस, पॅड भिजत नाही. संबंधानंतरही थोडा डाग येतो, गर्भाशयाचं तोंड या काळात रक्ताने भरलेलं असतं.

रक्त दिसलं की साधा पॅड लावा, म्हणजे किती जातंय ते कळतं. रंग, गाठी, दुखण्याची जागा आणि वेळ लिहून ठेवा. डॉक्टर पहिले हेच विचारतात आणि 'बरंच गेलं' या उत्तराचा उपयोग होत नाही. गाठ किंवा मांसासारखा तुकडा पडला तर स्वच्छ डबीत घालून न्या.

त्याच दिवशी, रात्र असली तरी निघायचं ते यासाठी : तासाला एक पॅड पूर्ण भिजणं, ओटीपोटात एकाच बाजूला टोचल्यासारखं वाढत जाणारं दुखणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, घेरी येऊन पडणं, ताप आणि घाण वासाचा स्राव. खांद्याचं दुखणं लोक वातात काढतात. गर्भ नळीत राहून नळी फुटली तर पोटात साठलेलं रक्त वरच्या पडद्याला टोचतं आणि वेदना खांद्यात उमटते. बाहेर रक्त चमचाभरही दिसत नसतं, आत मात्र लिटरभर गेलेलं असतं. अशा वेळी दुचाकीवर मागे बसवून नेऊ नका, १०८ ला फोन करा. न्यायचं ते जिथे ऑपरेशन थिएटर आणि रक्ताची सोय रात्रीही आहे तिथे. आपल्याकडे एमवाय हे मोठं सरकारी हॉस्पिटल आहे, जवळ मोठं खासगी हॉस्पिटल असेल तर ते. फक्त ओपीडी चालवणाऱ्या दवाखान्याच्या दारात पंधरा मिनिटं घालवू नका.


तात्या_लोकमान्यनगर

डाग लागला की पलंगाखाली विटा लावून पाय वर करून झोपवायचे पूर्वी. आणि 'गर्भ टिकायचं इंजेक्शन'. ते खरं का?


ओपीडी_संध्याकाळची

तात्या, विटा गेल्या तरी चालतील. पडून राहिल्याने गर्भपात थांबतो असं दिसलेलं नाही. सुरुवातीचे बरेचसे गर्भपात गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. जिना चढल्याने, कणीक मळल्याने किंवा टेम्पोत बसल्याने नाही. उलट आठवडे-आठवडे पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, बद्धकोष्ठ वाढतं.

प्रोजेस्टेरॉनचा उपयोग एका गटाला होतो : आता रक्त जातंय आणि याआधी गर्भपात झालेला आहे. जितके जास्त गर्भपात, तितका फायदा जास्त दिसतो. सगळं ठीक असताना 'आधारासाठी' सरसकट देण्यात अर्थ नाही. त्याने झोप, चक्कर, बद्धकोष्ठ वाढतं आणि मग त्यासाठी आणखी औषधं येतात. पण चालू केलं असेल तर हा धागा वाचून परस्पर बंद करू नका, पुढच्या भेटीत विचारा.

रक्तगट निगेटिव्ह असणाऱ्यांनी रक्त गेलं तर 'अँटी-डी लागेल का' हे त्याच दिवशी विचारायचं (बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या अंगात प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून द्यायचं हे इंजेक्शन). लागणार असेल तर ते ७२ तासांच्या आत घ्यायचं असतं. म्हणून रक्तगटाचा कागद फोनमध्ये ठेवा.


नवी_सून_टिळकनगर

फॉलिक ॲसिड पाच मिलिग्रॅमचं दिलंय मेडिकलवाल्याने. चालेल?


पुडीवाला

बहुतेकींना दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. ५ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे त्याच्या साडेबारा पट. ती आधीच्या बाळाला पाठीच्या कण्याचा दोष असेल, मधुमेह असेल, फिटची काही औषधं चालू असतील किंवा वजन फार जास्त असेल त्यांच्यासाठी, डॉक्टरांनी लिहून दिली तर. मेडिकलवर ५ ची सहज मिळते, ४०० ची मागून घ्यावी लागते, म्हणून हा गोंधळ.

बाळाच्या मज्जारज्जूची नळी आपल्या हिशेबाच्या सहाव्या आठवड्यातच मिटते. म्हणजे पट्टी 'आहे' म्हणते तेव्हा जेमतेम दोन आठवडे हातात असतात. खरं तर गोळी दिवस राहण्याच्या महिनाभर आधीपासून हवी. उशीर झाला असेल तर आज सुरू करा.

लोहाची गोळी सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून देतात : ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक, १८० दिवस. आधी दिली तर मळमळ आणि बद्धकोष्ठ वाढतं, हिमोग्लोबिन कमी असेल तर गोष्ट वेगळी. चहा आणि लोह यांत तासाभराचं अंतर. कॅल्शियम आणि लोह एकत्र नाही.

आधीपासून औषधं चालू असणाऱ्यांनी हे वाचा. थायरॉइडची गोळी थांबवायची नाही. उलट बहुतेकींना पंचवीस ते तीस टक्के वाढवावी लागते, पट्टी 'आहे' म्हणाली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. लोह-कॅल्शियम तिच्यापासून ४ तास लांब. फिटची गोळी मनाने बंद करायची नाही, पण व्हॅल्प्रोएट असेल तर तातडीने भेटायचं. रक्तदाबाच्या औषधाच्या नावात शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असेल, किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल, तर तेही त्याच दिवशी. डोकेदुखीला पॅरासिटामॉल ५०० चालतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, त्यांची पॅरासिटामॉलबरोबरची मिश्र गोळीही नको. घरात 'तापाची गोळी' म्हणून ठेवलेली स्ट्रिप उलटून नाव वाचा.

आणि ती पाच गोळ्यांची 'सफाईची किट', म्हणजे गर्भपाताच्या गोळ्या. चिठ्ठीशिवाय ती विकणं बेकायदा आहे. गर्भ नळीत असेल तर ती काम करत नाही, रक्त मात्र जातं, बाईला वाटतं झालं, आणि नळी आत फुगत राहते. मूल नको असेल तर कायद्याने नोंदणीकृत केंद्रात गर्भपात करता येतो. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं आणि सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही.


छावणीकर

पपई, सराफ्यातलं रात्रीचं रस्त्यावरचं खाणं, चहा? यावर रोज भांडण आहे घरी.


खमंग

पिकलेली पपई चालते. कच्ची नको, तिच्या चिकात गर्भाशय आकुंचन पावायला लावणारे घटक असतात. अर्धकच्ची, चीक सुटणारी तीही कच्चीतच धरा. तीळ, मेथीची भाजी, केशराच्या दोन काड्या, जेवणातल्या मापात सगळं चालतं. काढे आणि 'गर्मी'ची चूर्णं नकोत.

चहा-कॉफी मिळून कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत. घरचे छोटे दोन-तीन कप चहा त्यात बसतात.

सराफ्यात प्रश्न पदार्थाचा नाही, पाण्याचा. पाणीपुरीचं पाणी, बर्फ, कापून ठेवलेली फळं, उघडी चटणी, एवढं टाळा. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. समोर कढईतून गरम निघालेला भुट्ट्याचा कीस खा की. गराडू, म्हणजे तळलेला कंद, तोही, मसाला कमी घालायला सांगून.

बद्धकोष्ठाला रात्री एक ते दोन चमचे इसबगोल, पूर्ण पेलाभर पाण्यात, भिजवून लगेच. कमी पाण्यात घेतलं तर उलट घट्ट होतं. जळजळीला फ्रूट सॉल्ट रोज नको, सोडियम फार. कॅल्शियम-मॅग्नेशियमचं अँटासिड बरं, औषधांपासून दोन तास लांब, थायरॉइडच्या गोळीपासून मात्र ४ तास.


वॉर्डवाली (धागाकर्ती)

उन्हाळ्यासाठी एक भर. मे महिन्यात इथे पारा चाळिशीपार असतो, आणि गरोदरपणात रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब तसाही उतरतो. ओट्यापाशी सलग उभं राहिलं की घेरी येते ती त्यामुळे. डोळ्यांपुढे काळं आलं की उभ्या-उभ्या भिंत धरू नका, तिथेच जमिनीवर बसा, मग कुशीवर पडा. पोळ्या बसून करा.

लघवी वारंवार होणं ठीक, पण जळजळ, ताप किंवा कमरेच्या वर एका बाजूला दुखणं हे जंतुसंसर्गाचं लक्षण. लघवीचं कल्चर, म्हणजे कोणते जंतू आहेत याची तपासणी, करून औषध घ्या. 'गर्मी झाली' म्हणून नुसतं सब्जाचं पाणी पीत बसू नका.


नवी_सून_टिळकनगर

शेवटचं विचारते. पहिल्या भेटीत कुठल्या चाचण्या, आणि नोंदणी कुठे?


टेस्टट्यूब

हिमोग्लोबिनसह रक्ताची पूर्ण तपासणी, रक्तगट, साखर, थायरॉइडसाठी टीएसएच, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिस, लघवी साधी आणि कल्चर. साखर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी पाहतात, १४० किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह. तीच चाचणी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. ग्लुकोज पाच-दहा मिनिटांत संपवायचं, अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठी एचपीएलसी ही रक्ताची चाचणी एकदाच करायची असते. ती आताच करा, म्हणजे गरज पडली तर नवऱ्याची तपासणी करायला वेळ राहतो.


वॉर्डवाली (धागाकर्ती)

नोंदणी तुमच्या वॉर्डातल्या अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे, १२ आठवड्यांच्या आत. आशाताईंकडे चाचणीचं किटही फुकट मिळतं. माता-बाल कार्ड तिथेच मिळतं, आधार आणि बँक पासबुक न्या. खासगी डॉक्टर असले तरी कार्ड काढा, धनुर्वाताची टीडी लस त्यावर नोंदवली जाते : पहिली नोंदणीच्या वेळी, दुसरी चार आठवड्यांनी. पहिल्या मुलासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत, ३,००० आणि २,०००. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असणं हा पात्रतेच्या निकषांपैकी एक. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणीचा दिवस असतो, पण तो चौथ्या महिन्यापासूनच्या बायकांसाठी. त्याची वाट पाहत पहिली भेट लांबवू नका.


ओपीडी_संध्याकाळची

एनटीची, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी मोजून गुणसूत्रांतल्या दोषाचा धोका पाहणारी, सोनोग्राफी राहिली. ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस एवढीच खिडकी, गर्भाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असताना. त्याच धोक्यासाठीच्या डबल मार्कर चाचणीचं रक्त त्याच सुमारास. खिडकी उलटली की ती चाचणी होत नाही, मग पुढच्या महिन्यातली दुसरी करावी लागते. म्हणून सातव्या-आठव्या आठवड्याच्या सोनोग्राफीवरून तारीख पक्की झाली की त्याच दिवशी बाराव्या आठवड्याची वेळ घेऊन ठेवा. आपल्याकडे लग्नसराईत आणि दिवाळीच्या आठवड्यात सेंटरवर नंबर लागत नाही. फाइलमध्ये आधीची सोनोग्राफी, रक्तगट आणि वजनाची नोंद न्या, डबल मार्करच्या फॉर्मवर वजन भरावं लागतं आणि अंदाजे सांगितलं तर धोक्याचा हिशेब चुकतो. मुलगा-मुलगी विचारू नका, तो गुन्हा आहे.